नासाचा एएसआरएस डेटाबेस: अप्रोच क्लिअरन्समधल्या चुका शिकायची फुकट शाळा

एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रणाचा) क्लिअरन्स, म्हणजे वैमानिकाला दिलेली परवानगी, अप्रोचमध्ये, म्हणजे धावपट्टीकडे उतरताना, चुकीचा का समजला जातो, हे ठरावीक वाक्यं घोकून कळत नाही. त्यासाठी खऱ्या चुका वाचाव्या लागतात. अमेरिकेत नासा चालवत असलेल्या एएसआरएसच्या (एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टम) वेबसाइटवर वैमानिक आणि कंट्रोलर यांनी स्वतःहून कळवलेल्या चुका आहेत, नावगाव काढून, कुणालाही फुकट वाचता येतील अशा. बारामती किंवा गोंदियात विमान चालवायला शिकणाऱ्याने रोज अर्धा तास इथे द्यावाच.

ही सेवा उभी राहिली त्यामागेच एक चुकलेला क्लिअरन्स आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए ५१४ हे बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरत होतं. सुमारे ४४ मैल आधीच 'अप्रोचसाठी क्लिअर्ड' मिळालं, पण सोबत उंचीचं बंधन दिलं नव्हतं. चार्टवर राउंड हिल या वाटेतल्या टप्प्यापर्यंत किमान ३,४०० फूट लिहिलं होतं. तरी कॉकपिटने क्लिअरन्सचा अर्थ थेट १,८०० फुटांपर्यंत उतरायची मोकळीक असा लावला. विमान माउंट वेदर डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. चौकशी मंडळातही ३ विरुद्ध २ अशी फूट पडली: चूक वैमानिकांची की उंची न सांगणाऱ्या कंट्रोलरची? सहाच आठवडे आधी युनायटेडचं एक विमान याच सापळ्यातून थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण बातमी इतरांपर्यंत गेली नाही. ती उणीव भरायला १९७६ मध्ये एएसआरएस सुरू झालं.

वापरायचं कसं? नुसतं 'अप्रोच' टाकून शोधाल तर ढिगाऱ्यात हरवाल. फ्लाइट फेजमध्ये 'इनिशियल अप्रोच' निवडा, ह्यूमन फॅक्टर्समध्ये 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन', आणि घटनेच्या प्रकारात क्लिअरन्स किंवा उंचीचं उल्लंघन. मग मजकुरात एखादा नेमका शब्द द्या, जसं 'एस्टॅब्लिश्ड' (ठरलेल्या मार्गावर स्थिरावलेलं). इतकं शोधायचं नसेल तर विषयवार ५० रिपोर्टांचे तयार संच आहेत. वैमानिक-कंट्रोलर संवादाचा संच आधी उतरवून घ्या.

वाचताना क्लिअरन्स कागदावर तोडून लिहा. अमेरिकन कंट्रोलर एका दमात चार गोष्टी सांगतो: फिक्सपासूनचं (चार्टवरच्या ठरलेल्या बिंदूपासूनचं) अंतर, वळायचं हेडिंग (दिशा), लोकलायझरवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत आणणाऱ्या रेडिओ सिग्नलवर, बसेपर्यंत राखायची उंची आणि शेवटी क्लिअरन्स. त्यावर कधी वेगाचीही भर पडते. कान शेवटच्या शब्दावर जातो आणि मधली उंची गळते. दुसरी चूक याहून फसवी: कंट्रोलर फक्त 'लोकलायझर पकडा' म्हणतो, पण वैमानिक आयएलएसच्या (रेडिओ सिग्नलवर उतरायच्या पद्धतीच्या) परवानगीची वाट बघत असल्यामुळे त्याला 'क्लिअर्ड' ऐकू येतं, ऑटोपायलटचा अप्रोच मोड आर्म (सज्ज) होतो आणि विमान ग्लाइड स्लोपवर, म्हणजे उतरणीच्या सिग्नलवर, खाली निघतं. रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवणं, चुकीचा जातो, पण कंट्रोलरच्या कानालाही अपेक्षित तेच ऐकू येतं. चूक पकडायची ही संधी निसटली की पुढे अडवणारं फारसं कुणी उरत नाही. १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या ७४७ ला २,४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं होतं. इंग्रजी 'टू' म्हणजे दोन की 'पर्यंत', यात घोळ झाला. रीडबॅक ४०० फुटांचा गेला, कुणी दुरुस्त केला नाही, आणि चौघे गेले.

उणिवा आहेत, आणि त्या माहीत हव्यात. रिपोर्ट एकतर्फी असतात, त्यांची पडताळणी झालेली नसते. ते ऐच्छिक असल्याने 'अमुक चूक इतके टक्के होते' असा हिशेब यातून काढूच नका. क्लासेसच्या नोट्समध्ये असे आकडे दिसले तर सरळ खोडा. तारखेऐवजी फक्त महिना आणि वर्ष मिळतं, वेळ सहा-सहा तासांच्या टप्प्यात. जुने रिपोर्ट सगळे मोठ्या अक्षरांत आणि तुटक संक्षेपांत आहेत. ते वाचताना डोळे थकतात, म्हणून सुरुवात नव्यापासून करा. आणि उदाहरणं अमेरिकेची आहेत: तिथे ट्रान्झिशन अल्टिट्यूड (जिच्या वर सगळे अल्टिमीटर एकाच प्रमाण दाबावर लावतात ती उंची) सरसकट १८,००० फूट, अल्टिमीटरचं (उंचीमापकाचं) दाबाचं सेटिंग इंचांत. आपल्याकडे ती विमानतळानुसार बदलते आणि सेटिंग हेक्टोपास्कलमध्ये मिळतं, त्यामुळे ती प्रकरणं जशीच्या तशी इथे लावू नका.

अमेरिकेत शिकायला गेलेल्यांनी सेवेची दुसरी बाजूही वापरावी. क्लिअरन्स चुकला तर १० दिवसांच्या आत रिपोर्ट पाठवा. वेळेचा शिक्का मारलेली ओळखपट्टी परत येते, ती जपून ठेवा. चूक मुद्दाम केलेली नसेल, अपघात किंवा गुन्ह्याचा भाग नसेल आणि बाकीच्या अटी पूर्ण होत असतील, तर एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) उल्लंघनाची नोंद करू शकतं, पण दंड किंवा लायसन्सचं निलंबन लादत नाही. ही सवलत एफएएपुरतीच आहे, भारताच्या डीजीसीएसमोर ती पट्टी चालणार नाही.