झटका तार, नऊ गुरं आणि अकरा महिने

तांबडी कालवड तारेखालून मान घालून पलीकडचं गवत खात उभी होती. तार तिच्या मानेवर टेकलेली, मशीन चालू, आणि प्रत्येक टिकटिकीला तिची कातडी माशी बसल्यावर थरथरते तशी थरथरत होती. बस्स, एवढंच. मीटर लावून पाहिलं तर तारेवर 6,100 व्होल्ट! त्या दिवसापर्यंत मी सगळा दोष मशीनला देत होते. दोष जमिनीत होता.

माझ्याकडे पाच गायी, दोन कालवडी, एक गोऱ्हा आणि एक वासरू. रानाभोवती साधारण 700 मीटर तार आहे, अडीच मिलिमीटरची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी. कोपऱ्यांना जाड लाकडी खांब, मध्ये दर दहा मीटरला फायबरचे. मशीन एक जूलचं (एका झटक्यात सोडायची ऊर्जा जूलमध्ये मोजतात), 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, वर सोलर पॅनल. एवढ्या तारेला ते पुरून उरतं. झटका कुंपणाबद्दल विचारणारे सगळ्यात आधी मशीन किती जूलचं ते विचारतात. मीही तेच विचारलं होतं. अर्थिंग, म्हणजे मशीनची जमिनीत ठोकलेल्या रॉडशी जोडणी, किती खोल आणि किती रॉडचं, हे विचारायला हवं होतं.

झटका बसतो कसा ते आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप समजतं. मशीन दर सेकंद-सव्वा सेकंदाला तारेत एक ठोका सोडतं. जनावराचं नाक तारेला लागलं की तो ठोका अंगातून खुरांत, खुरांतून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या रॉडवाटे परत मशीनपर्यंत जातो. म्हणजे निम्मी वाट तारेची आणि निम्मी मातीची. उन्हाळ्यात माती भुसभुशीत कोरडी झाली की ही निम्मी वाट बंद पडते. तारेवर व्होल्ट भरपूर दिसतात, पण जनावराला जेमतेम गुदगुल्या होतात.

कुंपण बसवून देणाऱ्याने तीन फुटांचा एकच रॉड ठोकला होता, तोही मशीनजवळच्या मुरमाड जागेत. पावसाळ्यात त्यावर काम भागलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. अर्थिंग तपासायची रीत सोपी आहे. मशीन बंद करून, मशीनपासून शंभरेक मीटर लांब तारेला दोन-तीन लोखंडी सळया टेकवून जमिनीत रोवायच्या, मग मशीन चालू करायचं. तारेवरचे व्होल्ट 2,000 च्या खाली येईपर्यंत सळया वाढवायच्या. मग मीटर अर्थिंगच्या रॉडला लावायचा. तिथे दोन-तीनशेच्या आत आकडा हवा. माझ्याकडे 1,100 आला.

मग सहा फुटी तीन जीआय रॉड आणले आणि पाण्याच्या हौदाच्या खालच्या अंगाला, जिथे सांडपाण्याने बारा महिने ओल असते, तिथे तीन-तीन मीटरवर ठोकले. तिघांना एकाच अखंड जीआय तारेने क्लॅम्प लावून जोडलं. तांब्याची तार घरात पडून होती, ती मुद्दाम वापरली नाही. तांबं आणि जस्त एकत्र आले की ओलीत सांधा गंजतो. घराच्या विजेचं अर्थिंग इथून दहा मीटरपेक्षा लांब आहे, तेही पाळायलाच हवं. पुन्हा तपासलं तेव्हा आकडा 150 च्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी तांबडीने नेहमीसारखी मान पुढे केली, नाक टेकलं आणि चार पावलं मागे उडी मारली. मग बराच वेळ कान टवकारून ती तारेकडे बघत राहिली. खडकाळ टेकाडाच्या टोकाला ओल मिळणं शक्यच नव्हतं. तिथे झटक्याच्या तारेखाली अर्थिंगच्या रॉडांना जोडलेली एक तार दिली. मान किंवा छाती दोन्ही तारांना लागली की मातीची गरजच उरत नाही.

गुरांना शिकवणं हा यातला दुसरा महत्त्वाचा भाग, आणि त्यात घाई करू नका. जनावराला पहिला झटका नाकाला बसायला हवा. नाक ओलं असतं, केस नसतात. पाठीला किंवा कुल्ल्याला बसला तर ते पुढे पळतं आणि तार घेऊन जातं. मी भक्कम लाकडी कुंपणाच्या छोट्या आवारात, आतून हातभर अंतरावर एकच झटका तार बांधली आणि गुरं दोन दिवस त्यातच ठेवली. मागे भक्कम कुंपण दिसतं, त्यामुळे झटका बसला की जनावर मागेच सरकतं. गोऱ्ह्याला तीन वेळा लागला, म्हाताऱ्या गायीला एकदाच.

तार मोठ्या गुरांसाठी त्यांच्या नाकाच्या उंचीला, माझ्याकडे 80 सेंटिमीटरवर आहे. वासरासाठी 45 सेंटिमीटरवर दुसरी घेतली आणि पावसात तीच डोक्याला ताप झाली. ओलं गवत तारेला टेकलं की प्रत्येक काडीतून थोडा थोडा करंट गळतो. श्रावणातल्या एका आठवड्यात तारेवर 2,400 उरले होते; गुरांसाठी मी 3,000 च्या खाली समाधान मानत नाही. आता खालच्या तारेला वेगळा स्विच बसवलाय. गवत कापायला वेळ नसेल तेव्हा ती बंद ठेवते, वरची तरी जोरात राहते.

फाटकाखालून तार न्यायला सुरुवातीला घरातल्या वायरिंगची वायर वापरली होती. ती वायर काहीशे व्होल्टसाठी असते, इथे हजारो असतात. महिनाभराने फाटकाजवळ बारीक चट-चट ऐकू यायला लागली. रात्री हातातला टॉर्च बंद करून उभी राहिले तर मातीतून निळसर ठिणगी दिसली. झटका कुंपणासाठी जाड दुहेरी आवरणाची वायर मिळते, तीच पाइपातून घालावी. असे दोष रात्री शोधणं सोपं. तार खांबापासून अलग ठेवणारा एक तडकलेला इन्सुलेटरही मला असाच सापडला. तारेचे सांधे नुसते पिळून ठेवू नका, क्लॅम्प लावा.

बॅटरीबद्दल थोडक्यात: ढगाळ दिवस सलग आले की व्होल्ट बघत जा. साधी शिसे-आम्लाची बॅटरी 12.2 च्या खाली गेली की अर्धी रिकामी झाली समजायची, आणि वारंवार तिथपर्यंत उतरवली तर ती लवकर मरते. विजांच्या दिवसांत मशीन तारेपासून सोडवून ठेवते.

आता एक गोष्ट अगदी कळवळून सांगते. मेन लाईनचा करंट कुंपणात सोडू नका, एका रात्रीपुरताही नाही. या मशीनसाठी आयईसी 60335-2-76 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठोक्याची ऊर्जा आणि कालावधी बांधून दिलेला आहे, आणि दोन ठोक्यांमध्ये किमान एक सेकंद हवा अशी अट आहे. तेवढ्या वेळात माणूस किंवा जनावर हात, मान सोडवून घेतं. मेन लाईन सोडत नाही, धरून ठेवते आणि जीव घेते. काटेरी तारेतही झटका सोडू नये; अडकलेल्या जनावराला दर सेकंदाला ठोका बसत राहतो. पिवळ्या पाट्या लावा, मुलांना तार दाखवून समजावून सांगा. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी तारेपासून लांबच राहावं.

झटका तार म्हणजे भिंत नव्हे. तहानलेलं किंवा कुत्र्यांनी हुसकावलेलं जनावर ती तोडून जातं, माजावर आलेल्या गायीच्या मागचा बैलही थांबत नाही. म्हणून पाणी कुंपणाच्या आतच ठेवलंय आणि रस्त्याच्या बाजूचं जुनं दगडी कुंपण काढलेलं नाही.

मीटर आता रोज संध्याकाळी रानाच्या शेवटच्या टोकाला लावते, मशीनजवळ नाही. परवा 5,200 होते. तांबडी तारेपासून हातभर अंतर ठेवून चरते, त्यामुळे नेमकं तारेखालचंच गवत वाढतं. उद्या पुन्हा विळा घेऊन फेरी मारायची आहे.