क्लास सोडला, टेस्ट ठेवल्या

परळला केईएमच्या जवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, कुठल्या क्लासचं काय वाचलं जातं ते मला काउंटरमागून दिसतं. क्लासची मॉड्यूल्स, म्हणजे त्यांची छापील पुस्तकं, स्पायरल बाइंडिंगला येतात तेव्हा कोरी करकरीत असतात. वर्षभराने धाकट्या भावासाठी झेरॉक्सला येतात तेव्हाही पहिली चाळीसेक पानं सोडली तर तशीच. एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, बायोलॉजीच्या पुस्तकाची मात्र पार चाळण झालेली असते. गुलाबी हायलायटर इतका फासलेला की मशीनवर ओळी काळ्या येतात आणि मला ब्राइटनेस वाढवावा लागतो.

हे सगळं दिसत असूनही २०२३मध्ये मुलीला दादरचा मोठा क्लास लावला. चाळीत सगळ्यांनी लावला होता, आणि उद्या कमी मार्क पडले तर बापाने पैसे वाचवले असं व्हायला नको! दोन वर्षांचे तीन लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४,०००. चार हप्ते.

क्लासला पाचपैकी दोन तारे. ते दोन्ही तारे फिजिक्सच्या सरांचे. पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी रोटेशनल मोशन असं शिकवलं की पोरगी दुकानात येऊन माझ्या मशीनच्या रोलरकडे बघत मला टॉर्क समजावून सांगायची. मग ऑक्टोबरच्या टेस्टवरून बॅचेस पाडल्या. ही गेली तिसऱ्या बॅचमध्ये, आणि सर राहिले पहिल्या बॅचला. तिसरीला जे आले ते फळ्यावर मॉड्यूलमधली सोडवलेली उदाहरणं उतरवून द्यायचे. वर्गात नव्वदच्या वर मुलं, डाउट विचारायला रांग, आणि लालबागला घरी यायला रात्रीचे नऊ. फी मात्र तिन्ही बॅचेसना सारखीच. याला मी तरी धंदा म्हणतो, आणि धंदा मलाही कळतो.

फेब्रुवारीत नाव काढलं. तिसरा हप्ता जानेवारीतच भरून घेतलेला. त्याच जानेवारीत केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत. मी प्रिंट काढून घेऊन गेलो. मॅनेजर म्हणाला, "काका, हे दिल्लीचं आहे, आपल्याकडे आलेलं नाही." तीन खेपा घातल्या तेव्हा ८८,५०० पैकी ४०,००० हातात पडले. नाव लिहीत नाही, कारण बाकीच्यांकडेही फारसं वेगळं ऐकलं नाही.

पुढे काय केलं ते सांगतो, कारण काउंटरवर पालक तेच विचारतात.

फिजिक्सला काळाचौकीत एक निवृत्त प्राध्यापक मिळाले. घरीच शिकवतात, सहा मुलं, महिना ३,००० रुपये. बायोलॉजी तिने एकटीने केली. एनसीईआरटीचे अकरावीचे १९ आणि बारावीचे १३ धडे, दर धडा चार-चार वेळा. त्याला क्लास कशाला लागतो ते मला अजून समजलेलं नाही. ७२० पैकी ३६० मार्क त्याच दोन पुस्तकांच्या जोरावर आहेत. केमिस्ट्रीत इनऑरगॅनिक पुस्तकातून, ऑरगॅनिक यूट्यूबवरून, आणि तिथे ती थोडी कच्चीच राहिली. बोर्डाचं बालभारतीचं पुस्तक वेगळं, जर्नल वेगळं, त्याचा ताप झाला तो झालाच.

बसायला मंडळाची अभ्यासिका, महिना ३०० रुपये. पंखे चांगले, टेबलाला पार्टिशन, कुणी कुणाशी बोलत नाही. साडेचार तारे. अर्धा कापला तो गणपतीचा. लालबागमध्ये त्या दिवसांत अभ्यासिका म्हणजे चेष्टाच. पोरगी पुस्तकं घेऊन डोंबिवलीला मावशीकडे गेली आणि विसर्जनानंतर आली.

आणि टेस्ट सिरीज, ६,५०० रुपये. सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे हेच. पेपर ऑनलाइन यायचे, पण मी त्यांचे प्रिंट काढायचो आणि ओएमआर, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिका, दुकानात छापायचो. दर रविवारी दुपारी २ पासून, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मोबाइल माझ्याकडे, टीव्ही बंद, तिच्या आजीला कुकर लावायलाही बंदी. जानेवारी २०२५मध्ये नीटने २०० मधले १८० सोडवायचा पर्याय काढून टाकला. पुन्हा सरळ १८० प्रश्न, १८० मिनिटं. माझ्याकडे जुन्या पॅटर्नचे शंभर ओएमआर छापून पडलेले. मागच्या बाजूला तिने गणितं केली.

एका रविवारी ती आधी बायोलॉजी घेऊन ९१ पासून सोडवायला बसली. प्रश्नपत्रिकेवर खुणा करून ठेवल्या आणि गोळे शेवटच्या पंधरा मिनिटांत एकदम भरायला घेतले. ११८वा प्रश्न सोडून दिला होता, पण त्याची गोळ्यांची ओळ रिकामी सोडायची राहिली. तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एका ओळीने वर. शेवटी १८०ची ओळ रिकामी दिसली तेव्हा कळलं. काळ्या बॉलपेनचा गोळा खोडता येत नाही. एरवी ३०० च्या पुढे असायची, त्या दिवशी बायोलॉजीत ३६० पैकी १११. ती काही बोलली नाही, ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिली. पुढच्या रविवारपासून एक पान सोडवलं की एक पान गोळे, हा नियम. क्लासमध्येही टेस्ट व्हायच्या, पण तिथे मार्कांची यादी लागायची, ओळ कुठे चुकली ते बघायला कोण बसणार होतं?

क्लास सोडल्यानंतरचा सगळा खर्च धरला तर सर ४२,०००, टेस्ट ६,५००, अभ्यासिका ४,५००. एकूण ५३,०००.

पण माझ्या मेव्हण्याचा मुलगा असाच घरी बसवला होता, त्याचं काहीच झालं नाही. तो वेळापत्रकाशिवाय हलत नाही, आणि आई-बाप दोघंही रात्री आठला घरी येतात. त्याला क्लासच हवा होता. फक्त पैसे भरायच्या आधी विचारा की बॅचेस कधी पाडता, आणि पाडल्यावर हेच सर राहणार का. लेखी मागा. देणार नाहीत, पण ते तोंड कसं करतात त्यावरून समजेल.

मे २०२५ला फिजिक्स अवघड आलं, सगळ्यांनाच. राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेश यादीत मुंबईचं कॉलेज नाही लागलं, सिंधुदुर्गचं सरकारी लागलं, ओरोसला. आमचं गाव कुडाळजवळ, त्यामुळे आजी खूश. तिला केईएम नाहीतरी कधी आवडलंच नाही.

मॉड्यूल्स परवा रद्दीवाल्याला दिली, ११ किलो भरली. पहिल्या सरांच्या फिजिक्सच्या नोट्स तेवढ्या ठेवल्यात, खालच्या मजल्यावरच्या मुलाला बाइंड करून द्यायच्या आहेत. तो काळाचौकीला जायला लागलाय.