सायलेन्सर तोच, गोळी वेगळी: सबसॉनिक की सुपरसॉनिक?

आमच्या रत्नागिरीकडे माकडं हाकलायला आंब्याच्या बागेत सुतळी बॉम्ब लावतात, त्यामुळे आवाजावरून गप्पा बंदुकीवर जातातच आणि कोणीतरी म्हणतोच की सायलेन्सर लावला की नुसतं फुस्स. नाय हो, ते पिक्चरमध्ये. सायलेन्सर फक्त नळीच्या तोंडातून सुटणारा गरम गॅस आवरतो, पण गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गेली (म्हणजे सुपरसॉनिक; त्याहून हळू ती सबसॉनिक) तर हवेत जो कडाका होतो तो काय त्याच्या हातात नाही, तो गोळीबरोबर वाटभर चालतो.

.300 ब्लॅकआउट हे रायफलचं काडतूस बघा, 220 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) जड सबसॉनिक सेकंदाला साधारण 310 मीटर, कडाका नाही, पण दम कमी आणि लांबवर भलतीच खाली येते. 125 ग्रेनची सुपरसॉनिक 670 च्या आसपास, सरळ जाते पण बोंबलत जाते.

खरी गंमत काठावरच्या गोळीची. आवाजाचा वेग 15 डिग्रीला 340, आपल्या मे महिन्यातल्या 33 डिग्रीत 350, म्हणजे 345 ने जाणारी .22 ची छोटी गोळी थंडीत कडाडेल आणि इथे घामाघूम हवेत गप्प राहील! निव्वळ शांतता बघायची तर माझं मत सबसॉनिकला. अर्थात आपल्याकडे सायलेन्सर प्रतिबंधित, त्यामुळे हे सगळं ज्ञान चहाबरोबरच.