गेवेर ८८ : एका उपेक्षित जर्मन लष्करी रायफलीचे परीक्षण

जुन्या जर्मन लष्करी रायफलींच्या संग्राहकांची पहिली नजर जाते ती माउझर ९८ वर आणि तिच्या वंशजांवर. ज्यांना बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्याचे आकर्षण असते, ते १८७१ च्या एकबारी माउझरकडे वळतात. या दोन पिढ्यांच्या मध्ये जिचा काळ येतो, ती गेवेर ८८ मात्र बरीच वर्षे दुर्लक्षित राहिली. ‘समितीने बनवलेली, दोषांनी भरलेली आणि दहा वर्षांत बाद झालेली’ असा शिक्का तिच्यावर बसला. सैनिकाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, पण संग्राहकाच्या दृष्टीने तीच या तिघींत सर्वांत रोचक आहे, असे माझे मत आहे. एका सैन्याने एकाच शस्त्राला वीस-पंचवीस वर्षे कसे दुरुस्त करत नेले, हे तिच्या पोलादावर टप्प्याटप्प्याने कोरलेले दिसते.

फ्रान्सने १८८६ मध्ये धूरविरहित दारूची लेबेल रायफल सैन्याला दिली आणि जर्मनीची १८७१/८४ ही नळीच्या खाली आठ काडतुसे भरण्याची रायफल रातोरात जुनी झाली. स्पांडाऊच्या लष्करी चाचणी समितीने मग घाईने नवी रायफल सिद्ध केली आणि १८८८ मध्ये ती स्वीकारली गेली. बोल्टची, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची, रचना स्पांडाऊच्याच श्लेगेलमिल्शची, पाच काडतुसे एकत्र धरणाऱ्या क्लिपसह भरायचे मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) ऑस्ट्रियन रचनाकार मानलिखरच्या पद्धतीचे आणि नळीभोवतीचे पोलादी आवरण शस्त्ररचनाकार मीगच्या कल्पनेतले. विक्रेते तिच्या चिठ्ठीवर सर्रास ‘माउझर १८८८’ असे लिहितात. पण ओबरन्डॉर्फच्या माउझर कारखान्याने ना तिची रचना केली, ना ती तिथे बनली. चिठ्ठीवर असे लिहिलेले असेल, तर त्या विक्रेत्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही सावधपणे पाहावे.

हातात घेतल्यावर पहिली जाणवते ती तिची लांबी, जवळजवळ सव्वा मीटर, आणि त्या मानाने तिचा सडपातळपणा. नळी ७४० मिलिमीटरची आहे, पण बाहेरून दिसते ती नळी नव्हे, तर तिच्यावरचे पातळ आवरण. नळी तापल्यावर तिला लाकडाचा अडसर होऊ नये आणि सैनिकाचा हातही भाजू नये, हा त्यामागचा हेतू होता. कल्पना हुशारीची, परिणाम मात्र संमिश्र. पाणी आणि घाम आवरणात शिरले की नळी आतून गंजते आणि वरून काहीच कळत नाही. शिवाय पुढची माशी आणि मागचा २०५० मीटरपर्यंत आखलेला नेम, हे दोन्ही या आवरणावरच बसवलेले असल्यामुळे, आवरण दबले किंवा सैल झाले, की नेम चुकतो. म्हणून खरेदीपूर्वी आवरणावरून बोट फिरवून पोचे शोधावेत. तिरप्या उजेडात ते डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागतात.

बोल्टची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. या रायफलीत बोल्टचे डोके हा वेगळा, छोटा तुकडा आहे. बोल्ट बाहेर काढून थोडा फिरवला की तो हातात येतो, आणि नीट लक्ष नसेल तर जमिनीवर पडतो. शंभरहून अधिक वर्षांत असंख्य डोकी अशीच हरवली आणि त्यांच्या जागी दुसऱ्या रायफलींची बसवली गेली. तेव्हा विक्रेत्याला बोल्ट उघडून दाखवायला सांगावे आणि डोक्यावरचा क्रमांक बोल्टच्या मुठीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. ‘सगळे क्रमांक जुळतात’ असे सांगणाऱ्याने हा तुकडा मोजलेला असतोच असे नाही.

क्रमांकांची पद्धत जर्मन लष्कराच्या काटेकोरपणाला साजेशी आहे. प्रत्येक कारखान्यात क्रमांक एकपासून सुरू होत आणि दहा हजारांपाशी पोचले की पुन्हा एकपासून, पण पुढे रोमन लिपीतले ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे अक्षर जोडून. त्यामुळे केवळ चार आकडी क्रमांकावरून रायफलीची ओळख पटत नाही. आकडा, अक्षर, कारखाना आणि वर्ष ही चारही हवीत. चेंबरच्या (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या) वर मुकुट, कारखान्याचे नाव आणि वर्ष असते, डाव्या बाजूला गॉथिक वळणाच्या अक्षरांत नमुन्याचे नाव असते, आणि मुख्य भागांवर पूर्ण क्रमांक तर लहान भागांवर, अगदी स्क्रूंवरसुद्धा, शेवटचे दोन आकडे. स्पांडाऊ, डान्झिग, एरफुर्ट आणि बव्हेरियातले आम्बेर्ग ही सरकारी शस्त्रागारे. त्यांच्याखेरीज बर्लिनची लुडविग लोवे कंपनी, ऑस्ट्रियातील स्टायर आणि जर्मनीतल्या झुल गावचे काही कारखानदार यांनीही या रायफली बनवल्या. झुलच्या रायफली तुलनेने कमी आढळतात, म्हणून त्यांना भाव अधिक मिळतो.

तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांचे ठसे म्हणजे मुकुटाखालची छोटी गॉथिक अक्षरे. हे ठसे भिंगाखाली पाहावेत. मूळ ठशाची कड तीक्ष्ण असते आणि धातू अक्षराच्या बाजूंना किंचित उचललेला दिसतो. एकदा चाकावर पॉलिश झाले की ती कड गोलावते आणि मुकुटावरची टोके विरघळल्यासारखी होतात. पॉलिश करून निळसर मुलामा दिलेली रायफल लांबून देखणी दिसते आणि नवख्या ग्राहकाला भुरळ घालते. मला ती खरवडलेल्या शिलालेखासारखी वाटते. मळकट, पण ठसे शाबूत असलेली रायफल मी तिच्याऐवजी केव्हाही घेईन. मूळचा बोल्ट चकचकीत पांढऱ्या पोलादाचा असे. तो निळा केलेला आढळला तर काम नंतरचे आहे, असे समजायला हरकत नाही.

आता फेरफारांविषयी, कारण मूल्यमापनात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. पहिल्या काही वर्षांत नळ्यांविषयी तक्रारी आल्या, तेव्हा आतल्या खोबणींची खोली ०.१० मिलिमीटरवरून ०.१५ मिलिमीटर करण्यात आली आणि अशा रायफलींवर ‘झेड’ अक्षर ठोकले गेले. पुढे १९०५ च्या सुमारास टोकदार गोळीचे नवे काडतूस आले. जुन्या गोळीचा व्यास सुमारे ८.०८ मिलिमीटर होता, नव्या गोळीचा ८.२०, त्यासाठी सुधारलेल्या रायफलींवर ‘एस’ अक्षर आले. त्यानंतरच्या ८८/०५ या रूपात मानलिखरची क्लिप गेली, माउझरच्या पट्टीने काडतुसे भरता यावीत म्हणून वर दोन कान बसवले गेले, सैनिकाच्या अंगठ्यासाठी डाव्या बाजूला खाच पाडली गेली आणि रिकामी क्लिप जिथून खाली पडे, ते मॅगझिनचे तोंड पत्र्याने झाकले गेले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हेच काम घाईने उरकले, ते ८८/१४ हे रूप. त्यातील कानांचे ओबडधोबड जोडकाम नजरेला लगेच खुपते.

अनेक संग्राहक अशा सुधारित रायफलीला ‘बिघडवलेली’ मानून तिचे मोल कमी करतात. हे मला पटत नाही. सैन्याने स्वतःच्या कार्यशाळेत, स्वतःच्या गरजेसाठी केलेला बदल हा त्या शस्त्राच्या चरित्राचाच भाग आहे. एकही फेरफार न झालेली मूळ ८८ दुर्मीळ आहे आणि तिला जास्त पैसे मोजणे योग्यच. तरीही सर्व ठसे स्पष्ट असलेली ८८/०५ तिच्यापेक्षा अधिक काही सांगते. युद्धकाळात यातल्या बऱ्याच रायफली ऑटोमन साम्राज्याकडे गेल्या, आणि १९३० च्या दशकात अंकारामध्ये तुर्कांनी त्यांची पुन्हा डागडुजी केली. जर्मन मुकुटाशेजारी तुर्की ठसा असलेली अशी रायफल शुद्धतावादी संग्राहक नाकारतात, आणि म्हणूनच ती परवडणाऱ्या किमतीत मिळते. खरे नुकसान असते ते खाजगी हातांचे: शिकारीसाठी कापलेला दस्ता, छाटलेली नळी, दुर्बिणीसाठी पाडलेली भोके. त्याला लष्करी इतिहासाचा आधार नाही आणि सूट कितीही मिळाली तरी अशी रायफल केवळ सुट्या भागांसाठीच घ्यावी.

लोवेच्या रायफलींविषयी एक खुलासा आवश्यक आहे. १८९२ मध्ये हेर्मान आल्वार्ट या ज्यूद्वेष्ट्या राजकारण्याने, या कंपनीच्या ज्यू मालकांनी जर्मन सैन्याला मुद्दाम सदोष रायफली पुरवल्याचा आरोप पत्रकातून केला. आरोप खोटा होता आणि त्याबद्दल त्याला तुरुंगवासाची शिक्षाही झाली. तरीही ‘लोवेच्या रायफली कच्च्या’ ही कुजबुज बाजारात अधूनमधून ऐकू येते. प्रत्यक्षात लोवेचे यंत्रकाम सरकारी शस्त्रागारांच्या तोडीचे आहे.

चिनी हानयांग ८८ ही याच रचनेची नक्कल असून ती १९४४ पर्यंत बनत राहिली. ती स्वतंत्र संग्रहाचा विषय आहे, जर्मन रायफल म्हणून तिची किंमत करू नये. तारखेचा प्रश्न कायद्यालाही भिडतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्र ‘अँटिक’ ठरते आणि तिथे चेंबरवरचे वर्ष निर्णायक असल्यामुळे बहुतेक जर्मन ८८ या व्याख्येत बसतात. खुद्द जर्मनीत मात्र निकष वेगळा आहे: सुई-बंदुकांसारख्या (लांब सुईने काडतूस पेटवणाऱ्या) १ जानेवारी १८७१ पूर्वीच्या रचनांना सवलत मिळते, ८८ ला परवाना लागतो. खरेदीचा व्यवहार सीमेपलीकडचा असेल तर दोन्ही बाजूंचे नियम आधी वाचावेत.

चालवण्यासाठी ही रायफल घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. नळीचा खरा व्यास ‘एस’ ठशावरून गृहीत धरता येत नाही. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकत नेऊन सूक्ष्ममापकाने मोजल्यावरच तो कळतो. आजचे पूर्ण दाबाचे ८ मिलिमीटर माउझर काडतूस त्यात घालणे धोक्याचे आहे, कारण टरफल फाटल्यास मागे येणारा वायू अडवण्याची सोय या बोल्टमध्ये जवळजवळ नाही, आणि तो थेट नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतो. माउझरने ९८ मध्ये हीच उणीव भरून काढली. ज्याला नेमबाजी करायची आहे त्याने सरळ ९८ घ्यावी. संग्रहासाठी ८८ घेणाऱ्याने प्राधान्यक्रम असा ठेवावा: आधी ठसे, मग बोल्टचे डोके, मग आवरण, आणि लाकडाची चमक सर्वांत शेवटी. सफाईची सळई बहुधा गायब असते. तिच्यासाठी चांगला सौदा मोडू नये, ती नंतर मिळते.