शेवटच्या फेऱ्यांत कोण घ्यावा: धिप्पाड पण कच्चा, की बुटका पण कसबी?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. त्याच्या पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत उंच आणि स्केटिंगही चांगलं असलेली मुलं केव्हाच गेलेली असतात. उरतो तो एकतर साडेसहा फुटी कच्चा बचावपटू, नाहीतर पावणेसहा फुटी चलाख फॉरवर्ड.

स्केटिंग: धिप्पाड मुलाचा कमाल वेग पाहू नका, तो फसवतो. पहिली तीन पावलं आणि मागे सरकताना वळणं पाहा. गुडघे नीट वाकत नसतील तर वळतानाच प्रतिस्पर्धी आतून निसटतो, आणि ही खोड सहसा मोडत नाही. बुटक्याला मात्र नुसतं चपळ असून भागत नाही; बोर्डलगत (मैदानाच्या कडेच्या भिंतीपाशी) धक्का खाऊनही पक, म्हणजे खेळाची चकती, त्याच्याकडे टिकतो का, ते बघा.

वेळ: कच्च्याला चार-पाच वर्षं द्यावी लागतात. म्हणून पूर्वी कॉलेजला जाणारा बरा वाटे, कारण 2025 पर्यंतच्या नियमांत कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधल्या मुलाला दोन वर्षांत करार न दिल्यास त्याच्यावरचे संघाचे हक्क जात. जन्मतारीखही तपासा: ड्राफ्टसाठी वय मोजण्याच्या 15 सप्टेंबरच्या सीमेमुळे एकाच ड्राफ्टमध्ये जवळपास वर्षाचा फरक असतो. वयाने मोठा असूनही कच्चा? सोडून द्या.

फसला तर: धिप्पाड मुलगा चौथ्या (फॉरवर्डांच्या शेवटच्या) लाईनवर किंवा बचावपटूंच्या तिसऱ्या, शेवटच्या जोडीत खपतो. बुटक्याला गोल करावेच लागतात.

लागला तर दोन्हीकडे घबाड: धिप्पाड डस्टिन बफलिन 2003 मध्ये 245 वा निवडला गेला, बुटका ब्रेंडन गॅलाघर 2010 मध्ये 147 वा.

तुमच्या मायनर लीगमधल्या (खालच्या स्तरावरच्या) संघाकडे चांगला स्केटिंग प्रशिक्षक आणि धीर असेल तर धिप्पाड घ्या. गोलांचा दुष्काळ असेल तर बुटका.