वाळूजचा फायबरचा गाळा : धडकलेल्या कॅटामरानची दुरुस्ती

कॅटामरान म्हणजे दोन जोडलेल्या तळांची शिडाची होडी. तिच्या शर्यतीत मित्रामित्रांतली चुरसच महागात पडते. पोर्ट टॅकवाल्याने (डावीकडून वारा घेणाऱ्याने) स्टारबोर्ड टॅकवाल्याला (उजवीकडून वारा घेणाऱ्याला) वाट द्यायची, हे दोघांनाही पाठ असतं; पण मार्कजवळ, म्हणजे वळसा घालायच्या खुणेच्या तरंगत्या बोयाजवळ, अंदाज चुकला की एकाचं टोक दुसऱ्याच्या बरगडीत. अशी फुटलेली होडी मराठवाड्यात नीट करून घ्यायची तर वाळूज एमआयडीसीतल्या या गाळ्याचं काम खरंच चोख आहे.

भोक तळहाताएवढं दिसलं तरी हे लोक आधी भोवताली नाण्याने ठोकून बघतात. 'टण'ऐवजी 'भद' आवाज आला म्हणजे फायबरच्या दोन थरांमधला फोम सुटलाय. तेवढा भाग कापतातच. मग कडा जाडीच्या बारापट लांब, उतरती घासतात. सरळ कडेवर मारलेलं ठिगळ टिकत नाही. आतली ओल पूर्ण सुकल्याशिवाय रेझिनचा (फायबर घट्ट बांधणाऱ्या राळेचा) डबा उघडत नाहीत, हे फार आवडलं.

एकच तक्रार. एप्रिल-मेच्या दुपारीही पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारं रसायन) 2 टक्केच घालतात. चाळीस अंशांत मिश्रण डब्यातच जेलीसारखं बसतं, मॅट (काचतंतूंची चादर) भिजत नाही, पांढरे डाग राहतात. सकाळी सातची वेळ मागा आणि 1 टक्काच घालायला सांगा. जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या रंगीत थराचा, रंग तंतोतंत जुळत नाही. जुना उन्हाने फिकटलेला असतो.