बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी), नवी मुंबई: इंटर्नशिप संपताना

कबड्डीत माझ्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे हाडं जोडून धरणारा एक लिगामेंट, गेला, तेव्हाच ठरवलं की खेळाडू सांभाळायचं शिकायचं. माझा कोर्स साडेचार वर्षांचा, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. पहिल्या वर्षीची अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) घाम काढते, पण तीच पुढे कामी येते. घोटा आत मुरगळला की बहुतेकदा बाहेरच्या बाजूचा पुढचा लिगामेंट दुखावतो. हे बोटांनी चाचपून कळायला लागलं, त्या दिवशी मी आईला फोन केला! टेपिंग, म्हणजे सांध्याला आधाराची चिकटपट्टी बांधणं, तर मॅडमनी एकमेकींच्या पायांवर इतकं घोटून घेतलं की ठाण्यात स्पर्धेला पोरांचे घोटे बांधताना हात थरथरला नाही. मैदानावरचा सराव मात्र फारच कमी. तो मी ऐरोलीच्या कबड्डी संघाबरोबर स्वतः मिळवला. खेळाडूंसोबतच काम करायचं असेल, तर पुढची दोन वर्षांची स्पोर्ट्स एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) धरूनच प्रवेश घ्या.